साय कोण काढतं?

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, दोनशेव्या फेरीनंतर, गणित थांबलं. पडद्यावर लाल ओळ आली: उत्तर मिळालं नाही.

ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत चार टेबलं आहेत आणि भिंतीवर प्लांटचा एक भलामोठा नकाशा आहे. त्यावर पेन्सिलीने इतक्या दुरुस्त्या झाल्या आहेत की मूळ रेघ शोधावी लागते. खोलीत त्या वेळी एकटीच बसलेली इंजिनिअर सहा वर्षं इथे काम करते. प्लांटवरचे लोक तिला मॉडेलवाली म्हणतात, कारण तिच्या संगणकात अख्ख्या प्लांटचं गणिती मॉडेल आहे: प्रत्येक पाइपातून ताशी किती काय वाहतं, याचा हिशेब मांडणारं.

हा हिशेब सरळ नाही. रिॲक्टरमधून, म्हणजे रासायनिक क्रिया घडते त्या भांड्यातून, जे बाहेर पडतं त्यातलं बरंचसं फिरून पुन्हा आत येतं. आत काय जातं ते कळल्याशिवाय बाहेर काय येईल ते सांगता येत नाही, आणि बाहेर काय येईल ते कळल्याशिवाय आत काय जातं ते सांगता येत नाही. म्हणून हे वर्तुळ कुठेतरी कापायचं, कापलेल्या टोकाशी अंदाजाने एक आकडा ठेवायचा, सगळा प्लांट गणितात एकदा फिरवायचा आणि फिरून आलेला आकडा अंदाजाशी ताडून बघायचा. जुळला नाही तर नवा आकडा धरून पुन्हा फेरी. जुळला की त्या खोलीत म्हणतात, "बसलं."

या प्लांटमध्ये अशी तीन वर्तुळं एकमेकांत अडकलेली आहेत. पहिल्यात न वापरला गेलेला कच्चा माल रिॲक्टरकडे परत जातो. दुसऱ्यात कॉलमच्या, म्हणजे पदार्थ उकळून वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्याच्या, माथ्यावरची वाफ थंड होऊन डिकँटर नावाच्या आडव्या टाकीत येते. तिथे तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं आणि तेल परत कॉलमकडे जातं. तिसऱ्यात डिकँटरमधलं पाणी एका छोट्या कॉलममध्ये उकळलं जातं आणि त्यात विरघळलेलं उरलंसुरलं तेल पुन्हा डिकँटरमध्ये येतं. बाहेर जायला दरवाजे दोनच: तयार माल आणि स्वच्छ पाणी.

बुधवारपर्यंत हे मॉडेल मुकाट्याने बसत आलं होतं. त्या सकाळी तिने त्यात एक नवा पदार्थ घातला. लॅबमध्ये महिन्यापूर्वी नवं यंत्र आलं होतं आणि त्यात असं दिसलं होतं की रिॲक्टरमध्ये एक चिकट उपपदार्थ तयार होतो, ताशी एकशेतीस ग्रॅम. यादीत आठ पदार्थ होते. हा नववा.

काम तसं किरकोळ होतं. सोमवारपासून प्लांट वार्षिक दुरुस्तीसाठी बंद राहणार होता आणि त्यात वापरात नसलेले एक्केचाळीस व्हॉल्व्ह कापून त्यांची तोंडं कायमची बंद करायची होती. यादीतल्या प्रत्येक व्हॉल्व्हपुढे तिचा शेरा हवा होता, शुक्रवारी दुपारी चारच्या आत. सत्ताविसावा व्हॉल्व्ह डिकँटरच्या बरोबर मध्यावर होता. नकाशावर त्याच्यापुढे छापलेलं होतं: वापर नाही.

तिने शेवटच्या वीस फेऱ्यांचे आकडे छापून घेतले आणि पट्टी लावून वाचले. चुकलेलं गणित उड्या मारतं, कधी वर, कधी खाली. हे तसं करत नव्हतं. पदार्थ नऊचा आकडा प्रत्येक फेरीला एकशेतीसने वाढत होता, ना एक कमी, ना एक जास्त.

म्हणजे गणित चुकलेलं नव्हतं. पदार्थ नऊ आत येत होता आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. कॉलमच्या तळाशी निघणाऱ्या मालात उतरण्याइतका तो जड नव्हता. डिकँटरमध्ये तो तेलाबरोबर परत कॉलमला जात होता, आणि जो थोडा पाण्याबरोबर सुटायचा त्याला छोटा कॉलम हाकलून परत आणत होता.

तिने कागदाच्या कडेला गुणाकार केला. दिवसाला तीन किलो एकशेवीस ग्रॅम. नऊ वर्षांत, बंदचे दिवस वगळून, नऊ टनांच्या वर. डिकँटरमध्ये सगळं मिळून मावतं सहा टन, आणि प्लांट तर नऊ वर्षं चालू आहे.

मग गेलं कुठे?

पावणेबाराला तिचे साहेब आले. विभागात त्यांना पाठीमागे 'बसलं-का' म्हणतात, कारण फोन उचलल्यावर हॅलोच्या ऐवजी ते तेच विचारतात.

"काय, बसलं का?"

"नाही सर. नऊ बसत नाही."

"टॉलरन्स जरा सैल कर. दोन्ही आकड्यांत थोडा फरक चालतो म्हणून सांग त्याला. बसेल."

"बसेल, पण कुठेही बसेल. शंभराव्या फेरीला थांबवलं तर एक उत्तर, दीडशेला थांबवलं तर दुसरं. यातलं खरं कोणतं?"

"अगं, ताशी एकशेतीस ग्रॅम! चहाच्या डब्यात मावेल एवढं. काढून टाक नऊ."

"सर, दिवसाला चोवीस डबे होतात."

"फारच चहा पितेस तू," असं म्हणून साहेब मीटिंगला गेले.

तिने नऊ काढून टाकला नाही. दुपारी तिने मॉडेलची सर्वांत जुनी प्रत उघडली. टिपणांच्या चौकटीत नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि खाली एवढंच होतं: "९ काढला. आता बसतं." पुढे सहीची दोन अक्षरं होती. ती साहेबांची होती.

म्हणजे हा पदार्थ लॅबला आत्ता सापडला असला तरी प्लांट आखणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होता. गणित बसेना म्हणून त्याला यादीतून उठवलं होतं, आणि त्यानंतर नऊ वर्षं त्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पावणेसातला, घरी, ती चहा गाळत होती. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. टेबलाशी सासूबाई होत्या आणि खिडकीपाशी उभा राहून धाकटा दीर फोनवर बोलत होता. तो त्याच प्लांटवर ऑपरेटर आहे, कायम दिवसपाळीला, डिकँटरच्या भागात.

"अरे, शनिवारची साय तू काढ ना. मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. हो, नेहमीसारखीच. बादली शिडीमागे आहे."

फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कारखान्यात दूध कधीपासून तापवायला लागलात रे? आणि तिथली साय आठवणीने काढतोस, घरातलं पातेलं मात्र उतू गेलं तरी हलत नाहीस."

"आई, ते वेगळं असतं."

"वेगळं म्हणजे म्हशीचं?"

तो हसला, पण वहिनीकडे बघून लगेच थांबला. ती गाळणं हातात धरून तशीच उभी होती.

कंपनीच्या बसचा थांबा घरापासून सात मिनिटांवर आहे. दोघं एकाच बसने जातात, पण एरवी तो पुढे आणि ती मागे. त्या दिवशी ती त्याच्या बरोबरीने चालली.

"भाऊजी, साय म्हणजे काय?"

"कुठली साय?"

"शनिवारची."

तो म्हणाला, "वहिनी, घरातल्या वहिनी म्हणून विचारताय की ऑफिसातल्या मॅडम म्हणून?"

"अजून ठरवलं नाही."

"मग आधी ठरवा, नंतर विचारा."

"भाऊजी, कालपासून मी एका पदार्थाच्या मागे आहे. तो आत येतो आणि बाहेर जाताना कुठेच दिसत नाही. रात्री झोपेतसुद्धा मी पाइप मोजत होते. मला फक्त कळायला हवंय."

कळायला हवंय, या शब्दांवर तो जरा सैलावला. त्याचाही स्वभाव तसाच. घरातलं घड्याळ त्याने दोनदा खोलून बसवलं आहे.

डिकँटरमध्ये तेल आणि पाणी यांच्यामध्ये एक थर धरतो, त्याने सांगितलं. पिवळट, दाट, दुधावरच्या सायीसारखा. वाढू दिला तर लेव्हलची काच खोटं बोलायला लागते. तेल कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं तेच कळत नाही, आणि तेल पाण्याच्या बाजूला निसटतं. म्हणून दर बुधवारी आणि शनिवारी मधला कॉक, म्हणजे मध्यावरचा तो व्हॉल्व्ह, उघडायचा, साय बादलीत घ्यायची आणि टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतायची.

"हे कुणी सांगितलं?"

"मी लागलो तेव्हा जे उस्ताद होते त्यांनी. त्यांना कुणी सांगितलं ते विचारायचं राहिलं. आता ते नाहीत."

"कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठेच नाही. तीच तर भानगड आहे ना." त्याचा आवाज उतरला. "चार वर्षांपूर्वी पलीकडच्या प्लांटवर अपघात झाला, आठवतं? तेव्हापासून नियमच आहे. कागदावर वापर नसलेला कॉक उघडला तर सरळ गेटबाहेर. चौकशीसुद्धा नंतर. वहिनी, तुम्ही हे लिहू नका."

"उद्या चारपर्यंत मला त्या कॉकपुढे काहीतरी लिहायचंच आहे. 'वापर नाही' लिहिलं की सोमवारी तो कापतील."

तो रस्त्यातच उभा राहिला. हे त्याला माहीत नव्हतं.

"मधला कॉक? कापतील? अहो, प्लांट सुरू झाल्यावर दहा दिवसांत तेल पाण्यात जाईल!"

"म्हणून तर विचारतेय."

"आणि 'वापर आहे' लिहिलंत तर विचारतील, कोण वापरतं."

"विचारतील."

बस आली. तो नेहमीसारखा पुढे जाऊन बसला.

साडेनऊला तिने डिकँटरच्या मधल्या व्हॉल्व्हमधून नमुना घेण्याची रीतसर परवानगी मागितली. दिवसपाळीचे इनचार्ज फॉर्म हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, हा वापरातच नाही. तिथे काही आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"गणित म्हणतं, असायला हवं. नसेल तर गणित चुकलं. तेही कळेल."

अकराला ती, इनचार्ज, लॅबमधली केमिस्ट आणि एक फिटर डिकँटरच्या शिडीवर चढले. नऊ वर्षं बंद व्हॉल्व्ह हलेल की नाही म्हणून फिटरने लांब पाना आणि गंज सोडवायचं तेल आणलं होतं. त्याने आधी सहज हात लावून पाहिला. चाक दोन बोटांनी फिरलं.

"अरे वा," फिटर म्हणाला. "हा तर आमच्या घरच्या नळापेक्षा बरा आहे."

कुणी हसलं नाही. इनचार्जने चाकाकडे पाहिलं. त्याची कड हाताळून हाताळून चकचकीत झाली होती. मग त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. तिथे दीर लेव्हलची काच पुसत होता, कधी नव्हे इतक्या मन लावून. इनचार्जने वहीत नमुना घेतल्याची वेळ लिहिली. दुसरं काही लिहिलं नाही.

बाटलीत जे आलं ते खरंच सायीसारखं होतं. केमिस्टने ती उजेडात धरून तिरकी केली आणि म्हणाली, "ही चीज मी कधीच पाहिलेली नाही. माझ्याकडे तेल येतं, पाणी येतं. मधलं कुणी पाठवतच नाही."

लॅबचं उत्तर शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला आलं. सायीत साठ टक्के पदार्थ नऊ. मालात तो सापडला नाही, बाहेर जाणाऱ्या पाण्यातही नाही.

आता बादली मोजायची होती. त्यासाठी तिने दिराला कँटीनमध्ये गाठलं. आदल्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

"एका वेळेला किती निघते?"

"चौदा किलो." त्याने ताटातून मान वर केली नाही. "पिंप वजन करूनच बाहेर जातं, म्हणून पक्कं माहीत आहे. तेरा नाही, पंधरा नाही."

चौदाचे साठ टक्के, आठवड्यातून दोनदा. दिवसाला दोन किलो चारशे ग्रॅम, म्हणजे ताशी शंभर. तिने मॉडेलमध्ये डिकँटरला तिसरा दरवाजा दिला, त्यातून ताशी शंभर ग्रॅम जातील असं सांगितलं, कापलेल्या टोकाशी नवा अंदाज ठेवला आणि फेऱ्या सुरू केल्या.

बसलं नाही. पण आता आकडा प्रत्येक फेरीला एकशेतीसने वाढत नव्हता. तीसने वाढत होता.

तिने बादलीचा गुणाकार पुन्हा केला, मग लॅबचा आकडा पुन्हा पाहिला. शेवटी ती कँटीनमध्ये परत गेली. दीर हात धूत होता.

"भाऊजी, शंभर ग्रॅम तुमचे. अजून तीस कुठेतरी जातात."

"माझ्याकडून नाही."

"मग कुणाकडून?"

राग विसरून तो विचारात पडला. ओले हात तसेच धरून म्हणाला, "दुसरीकडे कुठे धरत असेल का साय? छोट्या कॉलमच्या माथ्याशी एक गार भांडं आहे. ते दिवसपाळीकडे नाही. तीन फिरत्या पाळ्या बघतात, अ, ब आणि क. त्यांचं मी काय सांगू? माझं त्यांनी सांगितलेलं मला चालणार नाही."

"ते भांडं यादीत आहे. एकतिसावा व्हॉल्व्ह त्याचाच."

"मग तोही थांबवा."

"कशाच्या जोरावर? मधल्याचा नमुना आहे माझ्याकडे. याचा नाही. परवानगी मिळून नमुना येईपर्यंत चार वाजून जातील."

तीन वाजून वीस मिनिटांनी तिने अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. सव्वा पान. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"'व्हॉल्व्ह क्रमांक सत्तावीस आठवड्यातून दोनदा उघडला जातो.' उघडला जातो म्हणजे? कोण उघडतं?"

"ते वाक्यात नाही सर."

"वाक्यात नाही ते मलाही दिसतंय. व्याकरण मीही शिकलोय. कर्ता कुठे आहे?"

"सातवी ओळ वाचा ना सर."

साहेबांनी वाचली. "'नऊ वर्षांपूर्वी पदार्थ नऊ मॉडेलच्या यादीतून काढण्यात आला.'" ते थांबले. चष्मा खाली आला. तिने जुन्या टिपणाची छापील प्रत अहवालाला जोडली होती. ती त्यांनी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"काढण्यात आला," ते म्हणाले. "छान. म्हणजे आपोआप गेला."

त्यांनी ती प्रत टेबलावर ठेवली.

"तीन दिवस झटापट केली होती मी त्याच्याशी. प्रत्येक फेरीला वाढायचा. मला वाटलं संगणकाचंच डोकं फिरलंय. एकशेतीस, एकशेतीस, एकशेतीस. आणि मला हे सुचलं नाही की तो आपल्याला काहीतरी सांगतोय." त्यांनी पेन काढलं, 'काढण्यात आला' खोडलं आणि वर लिहिलं: 'मी काढला. गणित बसत नव्हतं म्हणून.' खाली पूर्ण सही केली, दोन अक्षरांची नाही. मग कागद तिच्याकडे सरकवला. "आता चौथी ओळ. तुझी."

"मी उघडत नाही सर. मी सांगितलं तर ते ऐकीव होईल. उघडणाऱ्याने सांगितलं तर माहिती होईल."

"नात्यातला आहे?"

"हो."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला बारा कमी होते.

"सत्तावीस राहू दे," ते म्हणाले. "एकतिसाव्याला माझ्याकडे कारण नाही, तो थांबवता येणार नाही. चारही पाळ्यांना एकेक कागद पाठवतो. कागदावर वापर नसलेला कोणता कॉक कोण उघडतं, किती वेळा, स्वतःच्या अक्षरात. मंगळवारी तीनपर्यंत. त्यात एक ओळ माझ्याबद्दलही टाकतो, म्हणजे सुरुवात कुणी केली ते कळेल. पण नियम माफ करणं माझ्या हातात नाही, हे त्याला सांग."

तिने घरी सांगितलं, शब्दन् शब्द. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. "म्हणजे खरं लिहिलं तर नोकरी जाणार?" त्यांनी विचारलं.

"जाऊही शकते," ती म्हणाली.

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर सत्तावीसचा वापर कोण करतं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा यादीत येईल."

दिराने एवढंच विचारलं, "एकतिसावा कधी कापणार आहेत?"

सोमवारी सकाळी आठला प्लांट बंद झाला. मंगळवारी दुपारी बारापर्यंत चाळीसपैकी तेहतीस व्हॉल्व्ह कापून झाले होते. त्यात एकतिसावा होता. कापलेला तुकडा फिटरने लॅबमध्ये पाठवला. आतल्या बाजूला पिवळट थर होता. तो साधा चिकटा आहे की पदार्थ नऊ, ते उद्या कळेल.

अ पाळीचा कागद सव्वादहाला आला. त्यावर लिहिलं होतं: नाही. ब पाळीचा साडेअकराला आला: नाही. क पाळीचा एक वाजता आला. त्यावर आधी काहीतरी दोन ओळी लिहून गच्च खोडल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: नाही.

दिवसपाळीचा कागद तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत आलेला नव्हता. तिने इनचार्जना फोन केला. कागद तुमच्या दिराकडेच आहे, ते म्हणाले. सकाळपासून लिहितोय. आत्ताच येऊन त्याने दुसरा कागद मागून नेला.